डबी कोणाच्या हाती?

मंडळीच्या वार्षिक सभेत जमाखर्चाची प्रत मागितली की एक वाक्य हमखास ऐकू येतं: देवाच्या पैशाचा हिशेब देव घेईल, माणसानं कशाला? वाक्य नम्र वाटतं. पण ते बोलणारा बहुधा पंचांपैकीच असतो. थैलीत नाणं टाकणारी म्हातारी ते कधी बोलत नाही.

आधार म्हणून डोंगरावरचं प्रवचन पुढं करतात. उजव्या हाताचं दान डाव्याला कळू नये, हे खरंच. पण ती आज्ञा देणाऱ्याला आहे. सांभाळणाऱ्यानं काय करावं हे पौलाकडून शिकावं. यरुशलेमेतल्या गरिबांसाठी जमलेली वर्गणी नेताना त्यानं तीताबरोबर मंडळ्यांनीच निवडलेला एक भाऊ धाडला, आणि एवढ्या मोठ्या रकमेवरून कोणी बोट दाखवू नये म्हणून ही खबरदारी, असं करिंथकरांना कळवूनही टाकलं. प्रेषिताला त्यात कमीपणा वाटला नाही. बारा जणांचे पैसे ज्या डबीत होते, ती मात्र एकट्या यहूदाकडे होती.

दुसरा आक्षेप मनाला लागणारा आहे: आपल्याच माणसांवर अविश्वास दाखवायचा? मी एका लहान मंडळीत होतो, तिथले खजिनदार निवृत्त शिक्षक. थैली घरी नेत, रात्री मोजत, लोखंडी कपाटात ठेवत, सवडीनं बँकेत भरत. पावतीपुस्तक नव्हतं, मागायची कोणाला लाजच वाटे. ते अचानक वारले. कपाटातल्या रकमेत मंडळीचे किती आणि पेन्शनचे किती, हे कोणालाच सांगता येईना. मुलीनं सगळे पैसे मंडळीला देऊन टाकले. तरी चर्चच्या दारात कुजबुज झालीच. सरांनी एक पैसाही खाल्ला नसेल, असं मला आजही वाटतं. पण ते दाखवायला माझ्याजवळ एक कागद नाही. ही लाज आम्हा सगळ्यांची होती, फेडावी लागली ती त्या मुलीला.

तिसरी तक्रार सरकारच्या हस्तक्षेपाची. ती सर्वस्वी पोकळ नाही. मुंबईचा १९५० चा सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायदा सर्वोच्च न्यायालयापुढे गेला, तेव्हा १९५४ मध्ये रतिलाल गांधी खटल्यात न्यायालयानं धर्मादाय आयुक्तालाच धार्मिक न्यासाचा विश्वस्त नेमण्याची तरतूद मोडीत काढली. नोंदणी, हिशेब, तपासणी हे मात्र कायम राहिलं. उपासना कशी करावी हा मंडळीचा अधिकार. मालमत्तेचा कारभार कायद्याला धरूनच, असा हा निवाडा. याच कायद्याचं ३६ वं कलम ज्याला जाच वाटतं, त्यानं मिशन कंपाउंडच्या जमिनींकडे एकदा पाहावं. आयुक्ताच्या पूर्वमंजुरीशिवाय न्यासाची जमीन विकता येत नाही. बिनशेती जागा तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीनं भाड्यानंही देता येत नाही. पंच पाच वर्षांचे, जमीन आजोबांच्या पिढीची.

कॅथलिकांना तर रोमच्या धर्मसंहितेनंच बांधलं आहे. १९८३ च्या संहितेप्रमाणे प्रत्येक धर्मग्रामात अर्थसमिती हवी, आणि भाविकांनी दिलेल्या दानाचा हिशेब भाविकांना द्यायला हवा.

करायचं ते अवघड नाही. उपासना संपताच थैली तिथंच, दोन वेगळ्या घरांतल्या माणसांनी मोजावी आणि आकड्याखाली दोघांनी सही करावी. धनादेशावर दोन सह्या, पण नवरा-बायकोच्या नकोत. विश्वस्त बदलले की नव्वद दिवसांत बदल अर्ज. हा वर्षानुवर्षं पडून राहतो आणि मग मेलेली माणसं कागदोपत्री कारभार करतात. छपरासाठी जमवलेला निधी पगाराकडे वळवू नये. 'नंतर भरून काढू' म्हणून नेलेला पैसा परत आलेला मी क्वचितच पाहिला आहे.

आमच्याकडे कापणीच्या सणाला अर्पणांचा लिलाव होतो. एकच अंडं चारदा विकलं जातं, कारण घेणारा ते पुन्हा अर्पण करतो. गेल्या सणाला कॉलेजातली एक मुलगी प्रथमच वही घेऊन टेबलाशी बसली. शेवटी तिनं बेरीज वाचली, आणि कोणी विचारलं नसताना येणे बाकीही वाचली. दोन बोलींचे पैसे आले नव्हते. त्यातली एक पंचाची होती.