हवालदाराला हॅश शिकवा

बीडचं नाव निघालं की आपल्याकडे दोन वाक्यं ठरलेली असतात. एक, "बीडचा बिहार झालाय" (बिहारवाल्यांनी कुणाचं घोडं मारलंय कोण जाणे). दुसरं, "पोलिसांना ट्रेनिंग द्यायला पाहिजे." पहिलं सोडून द्या. दुसरं ऐकायला शहाणपणाचं वाटतं, म्हणून आज त्याच्याशीच भांडायचंय.

ट्रेनिंग म्हणजे काय ते आपल्याला हापिसात चांगलं माहीत आहे. मेल येते, पुढे-पुढे क्लिक करायचं, शेवटी दहा प्रश्न, सर्टिफिकेट. एचआरचा रकाना हिरवा, शिकलो काय ते देव जाणे. पोलिसांचे कोर्स असेच होणार असतील, म्हणजे दोन दिवस प्रेझेंटेशन, मग ग्रुप फोटो आणि तिसऱ्या दिवशी शिकलेला माणूस मिरवणुकीच्या बंदोबस्ताला, तर नकोच ते.

मग हवं काय? केज तालुक्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचं ९ डिसेंबर २०२४ ला अपहरण करून खून झाला. तपास जिल्हा पोलिसांकडून सीआयडीकडे गेला, एसपींची बदली झाली. मारहाणीचे फोटो मार्च २०२५ मध्ये बाहेर आले आणि महाराष्ट्र हादरला. दोषी कोण ते न्यायालय ठरवेल. पण एक गोष्ट उघड आहे. आजच्या गुन्ह्यात मोबाइल हा मोठा साक्षीदार असतो. माणूस फितूर होतो, फाइल होत नाही. फक्त तिची साक्ष पहिल्या दिवशी नीट नोंदवायला हवी.

तिथेच तर घोळ होतो. शेजारच्या जालन्याचंच उदाहरण घ्या. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीचा वाद व्हिडिओच्या सीड्यांवर येऊन अडला, आणि जुलै २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बजावलं की मूळ उपकरण कोर्टात आणलं नसेल तर प्रमाणपत्र हवंच. आता १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे त्या प्रमाणपत्रात हॅश लिहावा लागतो.

हॅश म्हणजे फाइलचा अंगठा. एसएचए-२५६ लावलं की कितीही मोठ्या फाइलचा चौसष्ट अक्षरांचा ठसा मिळतो. फाइलमधला एक बिट बदला, ठसा पार वेगळा. आता ठाण्यातल्या कुणी धाब्याच्या सीसीटीव्हीची क्लिप साहेबांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली आणि तीच पुढे पुरावा म्हणून जोडली, तर? व्हॉट्सअ‍ॅप व्हिडिओ दाबून लहान करतं. झालं, ठसा बदलला. आरोपीच्या वकिलाला आणखी काय हवं! हे हवालदाराला कुणी हातात पेनड्राइव्ह देऊन शिकवलं नसेल, तर दोष त्याचा कसा?

इथे कुणीतरी म्हणणारच, "अरे बाबा, बीडचा प्रश्न कोर्सचा नाही, वरून येणाऱ्या फोनचा आहे." अर्धं खरं आहे. फिर्यादच घेतली नाही तर हॅश कसला घेता? म्हणून कोर्सची सुरुवात सायबर सेलपासून नको, फिर्याद घेणाऱ्या ठाणे अंमलदारापासून हवी. पण उरलेलं अर्धंही ऐका. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत झडती-जप्तीचं चित्रीकरण करून ते विनाविलंब दंडाधिकाऱ्यांकडे पाठवायचं आहे. पंचनाम्यात हॅश उतरला, चित्रीकरण कोर्टात पोचलं, की नंतर कितीही मोठ्या माणसाचा फोन आला तरी साध्या हवालदाराला सांगता येतं, "साहेब, आता माझ्या हातात नाही." कसब हे दबावावरचं औषध नसेल, पण चिलखत नक्की आहे.

आता राहिला बंदोबस्त. तपास आणि कायदा-सुव्यवस्था यांचे पोलीस वेगळे करा, असं सर्वोच्च न्यायालयाने प्रकाश सिंग खटल्यात २००६ मध्येच सांगितलं. सुरुवात दहा लाख वस्तीच्या शहरांपासून करा आणि हळूहळू लहान शहरांकडे जा, असं त्यात होतं. बीड शहर २०११ च्या जनगणनेत दीड लाखाचंही नव्हतं. म्हणजे रांगेत शेवटी! आणि गरज कुठे जास्त? जिथे गावात सगळे सगळ्यांना ओळखतात, साक्षीदाराचं शेत आरोपीच्या शेताला लागून असतं, तिथेच ना?

बीड पोलिसांनी २०२५ मध्ये नावाच्या पाट्यांवरून आडनावं काढली. चांगलं केलं. जात दिसू नये हा हेतू योग्यच. पण पाटी बदलायला एक दिवस लागतो, हात तयार व्हायला वर्षं लागतात.

तेव्हा मागणी साधी आहे. प्रत्येक ठाण्यात निदान दोन माणसं अशी तयार करा, प्रत्यक्ष काम करवून घेऊन. त्यांना ठरावीक काळ त्याच कामावर ठेवा, मिरवणुकीला पाठवू नका. आणि वर्षाच्या शेवटी किती सर्टिफिकेटं वाटली ते सांगू नका. किती खटल्यांत डिजिटल पुरावा कोर्टात टिकला, तेवढंच सांगा.