यादीत नसलेला शेजारी

उद्या 7 जून. रूढ हिशेबाने मृग निघतो तो दिवस. मुळशी तालुक्यात या सुमारास भाताच्या रोपांची घाई असते आणि बोलणे फिरून फिरून पावसावरच येते. घोटावडे परिसराला मात्र गेल्या पाच वर्षांपासून या तारखेची दुसरीही ओळख आहे. 2021 च्या 7 जूनला, सोमवारी दुपारी, घोटावडे फाट्यापासून जवळच उरवड्याच्या हद्दीतल्या एसव्हीएस ॲक्वा टेक्नॉलॉजीज या कारखान्याला आग लागली. पाणी शुद्ध करण्यासाठी वापरतात त्या क्लोरीन डायऑक्साइडची उत्पादने तिथे होत. पॅकिंगच्या कामावर बहुतेक बायका होत्या. 17 कामगार गेले, त्यांत 15 महिला. भिंती फोडायला जेसीबी लावावे लागले. देह इतके जळाले होते की ससूनमध्ये डीएनए तपासणी झाल्याशिवाय कोणाला कोणत्या घरी द्यायचे हे ठरेना.

आगीची कारणे, कारखान्याचे परवाने, चौकशी समिती, सरकारने जाहीर केलेली पाच लाखांची मदत यांवर तेव्हा पुष्कळ लिहून झाले. कारखान्यांच्या सुरक्षा तपासणीचा प्रश्न आजही तेवढाच तातडीचा आहे आणि तो सरकारचाच आहे, हे आधी स्पष्ट सांगून ठेवतो. आज बोलायचे आहे ते कुंपणाच्या बाहेरच्या माणसांविषयी. कुठेही आग लागो, दरड कोसळो, पहिला बंब किंवा पहिली तुकडी येईपर्यंत जे धावतात ते शेजारी असतात. पहिला प्रश्नही तेच विचारतात : आत कोण कोण आहे? मदतीचे अर्धे यश या प्रश्नाचे उत्तर किती लवकर मिळते त्यावर ठरते. आणि घोटावड्यासारख्या गावात हे उत्तर देणे दर वर्षी अवघड होत चालले आहे.

गावाला मदत करता येत नाही, असे कोणी म्हणणार नाही. कोणाच्या घरी मयत झाली की काय होते ते पाहावे. रात्रीचे दोन वाजलेले असोत, तासाभरात ओट्यावर माणसे जमतात. एक जण बांबू तोडायला जातो, दुसरा दुकानदाराला उठवून मडके, कापड, गुलाल घेऊन येतो. तिसरा स्मशानभूमीत लाकडे किती आहेत, पावसाने भिजली आहेत का, ते बघून येतो. लेकीबाळींना फोन करायचे काम मात्र कोणालाही देत नाहीत. ‘वडील गेले’ असे सांगायचे की ‘तब्येत जास्त आहे, निघून ये’ एवढेच, हे ज्याला कळते तोच फोन हातात घेतो. त्या घरात चूल पेटत नाही, म्हणून भावकीतून चहा आणि पिठले-भाकरी येते. या सगळ्याला अध्यक्ष नसतो, बैठक नसते, कोणी कोणाला काम वाटून देत नाही. इतकी बिनचूक यंत्रणा सरकारी कचेरीत शोधून सापडणार नाही.

शेतातही तेच होते. लावणीच्या दिवसांत आज तुझ्या खाचरात, उद्या माझ्या, अशी सावड चाले. ज्याच्याकडे बैल नाहीत किंवा ज्याचा घरधनी आजारी आहे, त्याच्यासाठी इर्जिक घालून एका दिवसात रान उरकत. मोबदला म्हणजे पोटभर जेवण. 1921 च्या रामनवमीला, 16 एप्रिलला, टाटांच्या धरणाविरुद्ध मुळशी पेट्यातले मावळे सत्याग्रहाला बसले. सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे यांचे नेतृत्व इतिहासात नोंदले गेले, पण बापटांच्या मागे उभे राहणारे हात याच सावडीत तयार झाले होते, असे आम्हाला वाटते.

अडचण पुढे आहे. ही सगळी जुनी वीण नात्यावर उभी आहे : भावकी, आळी, तालीम, तरुण मंडळ, काकड आरतीला येणारी माणसे. ज्याची सात पिढ्यांची ओळख आहे त्याच्यापर्यंत ती क्षणात पोहोचते. ज्याची नाही, त्याच्या दारापर्यंतही जात नाही. आणि घोटावडे आता फक्त ओळखीच्या माणसांचे गाव राहिलेले नाही. फाट्याच्या एका अंगाला पिरंगुटचा कारखान्यांचा पट्टा, गावातून पुढे गेलेला रस्ता हिंजवडी-माणकडे. राजीव गांधी आयटी पार्क याच तालुक्यात आहे, हे पुणेकरांच्या लक्षातही नसते. जमिनी विकल्या गेल्या, त्यांचे पैसे काहींनी राखले, काहींनी उधळले; त्यावर ‘मुळशी पॅटर्न’ हा चित्रपट 2018 मध्ये येऊन गेला. त्या जमिनींवर राहायला कोण आले, त्यावर कोणी चित्रपट काढलेला नाही.

आले ते असे. पत्र्याच्या दहा बाय दहाच्या खोलीत चार-पाच जण, कोणी बिहारचा, कोणी ओडिशाचा, कोणी नांदेड-लातूरकडचा; पाळी बदलली की अंथरुणातला माणूस बदलतो. नव्या इमारतीत सहाव्या मजल्यावर आई-वडील, मुलगा-सून दोघेही कंपनीत, तेही कधी रात्रपाळीला. गावाच्या तोंडी या सगळ्यांची ओळख दोनच शब्दांची : ‘भाडेकरी’ आणि ‘सोसायटीवाले’. सोसायटीवाल्यांनाही गाव म्हणजे येता-जाता रस्ता अडवणारी मिरवणूक, एवढेच ठाऊक. पत्र्याच्या खोलीतला एखादा तरुण कामावर दगावला तर त्याच्या गावी फोन कोणी करायचा, कोणत्या नंबरवर, कोणत्या भाषेत? ठेकेदाराचा फोन बंद लागतो आणि तिथेच सगळे थांबते. भाडेकरूची माहिती पोलिस ठाण्यात द्यावी लागते, पण ती नोंद संशय आला तर उघडण्यासाठी असते. तो आजारी पडला तर उघडण्याची नोंद कुठेच नाही.

साधने नाहीत असे मुळीच नाही. पुणे जिल्ह्यात ग्रामीण पोलिसांनी अनेक गावांत ग्रामसुरक्षा यंत्रणा सुरू केली. तिची रीत सोपी आहे. एक टोल फ्री नंबर. गावकऱ्यांनी आपले मोबाइल त्यावर आधी नोंदवायचे. चोरी, आग, बिबट्या, हरवलेले मूल, काहीही असो. संकटात सापडलेल्याने त्या नंबरवर बोलायचे आणि त्याचाच आवाज परिसरातल्या सगळ्या नोंदणीकृत फोनवर कॉल म्हणून जातो. साधा बटणांचा फोनही चालतो. दवंडी वेशीपर्यंत जाई, ही शेजारच्या गावापर्यंत जाते. व्हॉट्सॲपच्या ग्रुपपेक्षा ती शंभर पटींनी कामाची आहे, कारण ग्रुपवर ‘रक्ताची गरज आहे’ हा निरोप सत्तावीस ‘शुभ सकाळ’च्या खाली गाडला जातो आणि कोणाला तरी तो दुपारी दिसतो. पण या यंत्रणेतही ज्याचा नंबर नोंदवलेला आहे त्यालाच फोन जातो. खोलीवाल्याचा नंबर कोण नोंदवणार?

प्रशिक्षित मनुष्यबळही आहे. लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रच्या कार्यकर्त्यांनी सह्याद्रीच्या दऱ्यांतून किती जणांना वर काढले असेल, याची गणती तेही ठेवत नसतील. केंद्राच्या ‘आपदा मित्र’ योजनेत स्वयंसेवकांना प्रशिक्षण मिळते. अपघातग्रस्ताला दवाखान्यात नेणाऱ्याला पोलिसांचा ससेमिरा लागू नये म्हणून मोटार वाहन कायद्यात 2019 मध्ये 134अ हे कलम घातले गेले, तरी पौड रस्त्यावर अपघात झाला की ‘नको ते लचांड’ म्हणून गाडी पुढे काढणारे कमी झालेले नाहीत. संयुक्त राष्ट्रांनी 2026 हे वर्षच स्वयंसेवकांचे म्हणून जाहीर केले आहे. त्याचे फ्लेक्स लागतील, त्यावर स्वयंसेवकांपेक्षा पुढाऱ्यांचे फोटो मोठे असतील. असो.

शेजाऱ्यांच्या जाळ्याला एक काळी बाजूही आहे आणि अग्रलेखात ती लपवून चालणार नाही. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठार मारले. मुले पळवणारी टोळी आल्याची अफवा मोबाइलवर फिरत होती. मंगळवेढ्याकडची ही भिक्षेकरी माणसे बाजारात दिसली आणि ती कोण, हे विचारायला कोणी थांबले नाही. पालघरच्या गडचिंचल्यात 16 एप्रिल 2020 च्या रात्री दोन साधू आणि त्यांचा चालक असेच मारले गेले. दोन्हीकडे एका हाकेवर गाव गोळा झाले होते. गोळा होण्याचा वेग तोच, जो आगीच्या वेळी जीव वाचवतो. अनोळखी माणसाला ओळखणारा एकही जण त्या गर्दीत नसला की तोच वेग जीव घेतो. कोरोनाच्या पहिल्या टाळेबंदीत कितीतरी गावांनी वेशीवर काटेरी फांद्या आणि दगड टाकून रस्ते बंद केले होते. त्यामागची भीती खरी होती, पण शहरातून पायी परतणारी आपलीच लेकरेही त्या फांद्यांपाशी अडली, हेही खरे.

याच्या उलट उदाहरण भिवंडीचे. 1984 च्या दंगलीने होरपळलेल्या या गावात 1988 च्या सुमारास पोलिस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. दोन्ही समाजांची साधी माणसे, यंत्रमागवाले, दुकानदार, पोलिस हवालदारासह एका जागी नियमित बसू लागली. बोलणे बहुधा गटार, नळ, भांडणे यांचेच. 1992-93 मध्ये मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. गटारावर बोलायला बसलेली माणसे एकमेकांना नावाने ओळखत होती, अफवा आली की खरे-खोटे विचारायला कोणाकडे जायचे हे त्यांना माहीत होते. मुंबईतही पुढे ज्युलिओ रिबेरो, सुशोभा बर्वे, सतीश साहनी यांच्या पुढाकाराने मोहल्ला समित्यांची चळवळ उभी राहिली.

आणखी एक नमुना केरळचा. 1993 मध्ये कोझिकोडच्या वैद्यकीय महाविद्यालयात असाध्य दुखणेकऱ्यांच्या वेदना कमी करण्यासाठी एक छोटी संस्था सुरू झाली. डॉक्टरांच्या लवकरच लक्षात आले की रुग्णाला दवाखान्यापेक्षा घरी माणूस हवा आहे. त्यातून शेजाऱ्यांचे जाळे विणले गेले. आठवड्याला निदान दोन तास देईल त्याला थोडे प्रशिक्षण द्यायचे आणि त्याच्याच भागातल्या आजाऱ्यांकडे पाठवायचे. तो जखम धुवायला मदत करतो, औषध संपले का बघतो, मुलांच्या शाळेची फी थकली असेल तर गावात बोलतो. पैसा मोठ्या देणगीदारांचा नव्हे, रुपया-दोन रुपये, पाच-दहा रुपये टाकणाऱ्यांचा. मलप्पुरम जिल्ह्यात ते इतके मुरले की 2008 मध्ये राज्य सरकारनेच त्याचे धोरण केले. लोकांनी आधी काम उभे केले, मग सरकारला त्यात ओढून आणले. आपल्याकडे नेमके उलटे होण्याची भीती असते : लोक राबायला लागले की सरकार अंग काढून घेते. गावातले तरुण विझवतात म्हटल्यावर बंबाची फाइल मागे पडते, रिक्षावाले पोहोचवतात म्हटल्यावर रुग्णवाहिकेची. म्हणून स्वयंसेवकांच्या सत्काराला येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला तिथेच विचारावे की जवळचे अग्निशमन केंद्र किती मिनिटांवर आहे आणि रात्री पौडच्या ग्रामीण रुग्णालयात डॉक्टर असतो का.

तोवर घोटावड्याने काय करावे? आमचे म्हणणे एकच आहे : ओळखीच्या पलीकडच्या माणसांची नोंद गावानेच करावी. त्याला ॲप नको, संस्था नको. दर आळीला, दर चाळीला, दर सोसायटीला एक वही आणि ती सांभाळणारी दोन माणसे. त्यांतली एक बाई असावी, कारण दुपारी घरी कोण एकटे असते हे बायकांनाच माहीत असते. वहीत नाव, खोली किंवा मजला, मूळ गाव, तिथला फोन, कोणती भाषा समजते. एकटे वृद्ध कोण, डायलिसिसला कोण जाते, कोणाचे दिवस भरत आले आहेत, इन्सुलिन कोणाच्या फ्रिजमध्ये आहे, दुसरी किल्ली कोणाकडे असते. रात्रपाळीला कोण कोणत्या कंपनीत जाते. जात, धर्म, मतदान यांचा रकाना नको, आणि वही निवडणुकीला उभे राहणाऱ्याच्या घरी ठेवायची नाही. सांगायचे नसेल त्याच्यावर जबरदस्ती नको. माणसे बदलत राहणार, म्हणून दर तीन महिन्यांनी एक रविवार वही ताजी करायला द्यावा. गणपतीची वर्गणी मागायला मंडळाची पोरे प्रत्येक दार वाजवतातच. यंदा पावतीपुस्तकाबरोबर ही वही घेऊन जावे आणि ज्या दारात वर्गणी मिळणार नाही हे ठाऊक असल्यामुळे कोणी जात नाही, तिथे आधी जावे.

15 ऑगस्टच्या ग्रामसभेत हा विषय घ्या, असे सुचवणे सोपे आहे आणि तो घ्यावाही. पण कायद्याने ग्रामसभेचा सदस्य तोच, ज्याचे नाव गावच्या मतदारयादीत आहे. पत्र्याच्या खोलीतल्या बहुतेकांचे नाव तिथे नसते. त्यामुळे त्यांच्यासाठी वेगळी बैठक घ्यावी लागेल, पाळी सुटल्यावर, त्यांच्या चाळीपाशी, आणि बोलावणे घेऊन गावाला त्यांच्या दारी जावे लागेल. उद्या रविवारच आहे.