कुंडीखालची ताटली

गेल्या श्रावणात माझ्या लेकीला डेंग्यू झाला. रिपोर्ट आला त्याच्या दुसऱ्या दिवशी आरोग्य विभागाची एक ताई घरी आली. दारात चपला काढल्या, पिंपं पाहिली, फ्रिजच्या मागचा ट्रे ओढून पाहिला, आणि मग विचारलं, ‘वहिनी, गच्चीवर झाडं आहेत का?’

झाडं होती. मोगरा, जास्वंद, क्रोटन, मनीप्लांट. मोगऱ्याच्या कुंडीखालची प्लास्टिकची ताटली तिने अलगद पुढे ओढली आणि मोबाईलचा टॉर्च मारला. बोटभर पाणी होतं. स्वच्छ, नितळ. त्यात दोऱ्याच्या तुकड्यांसारख्या अळ्या वळवळत होत्या, आणि उजेड पडताच त्या तळाला गेल्या. नऊ ताटल्यांपैकी सहांमध्ये हेच. ती मला एका शब्दाने बोलली नाही. ताटल्या एकेक करून तापलेल्या फरशीवर उपड्या केल्या आणि म्हणाली, ‘नुसतं पाणी ओतू नका हं. कडा घासायच्या. अंडी कडेला चिकटलेली असतात.’

लेकीला चावलेला डास आमच्याच ताटलीतला होता का, हे कुणीच सांगू शकणार नाही. पण एडीस डास फार लांब उडत नाही, दिवसा चावतो, आणि त्याला गटाराचं नव्हे, असंच साठलेलं स्वच्छ पाणी लागतं. अंड्यापासून उडणारा डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस पुरतात. ‘आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा’ असं भिंतीवर रंगवलेलं आपण वर्षानुवर्षं वाचतो, त्याचा हिशेब इतका साधा आहे. सात दिवसांनी पाणी ओतलं की त्या पिढीचा डास होतच नाही. पण अंडी कोरडी पडली तरी महिनोन् महिने तग धरतात आणि पाणी लागलं की फुटतात. म्हणून घासणी.

ते दिवस आठवले की अजून पोटात कालवतं. कुणी पपईच्या पाल्याचा रस आणून दिला, कुणी किवी. आमच्या डॉक्टरांनी मात्र तीनच गोष्टी पुन्हा पुन्हा बजावल्या. पाणी, सरबत, पेज सतत देत राहा आणि लघवी किती वेळा होते ते लिहून ठेवा. तापाला पॅरासिटामॉलशिवाय दुसरी गोळी नको, ॲस्पिरिन-आयबुप्रोफेन तर मुळीच नको. आणि ताप उतरला म्हणून गाफील राहू नका, खरा धोका तेव्हाच असतो. पोटात जोराचं दुखलं, सारख्या उलट्या झाल्या, हिरड्यांतून रक्त आलं तर तडक दवाखाना गाठा. ताप उतरला त्या रात्री सासूबाई आणि मी आळीपाळीने जागलो.

लेक बरी झाली. नवरा म्हणाला, कुंड्याच काढून टाकू. सासूबाईंनी नकार दिला. त्या म्हणाल्या, ‘झाडं कशाला काढता? ताटल्या काढा. आणि लावायचंच तर खायचं लावा.’ त्यांच्या माहेरी परसात न्हाणीच्या पाण्यावर अळू आणि केळी असायची. पाणी वाहून मुळाशी जायचं, डबकं व्हायचंच नाही. आम्ही कुंड्या विटांच्या तुकड्यांवर चढवल्या, म्हणजे जास्तीचं पाणी खाली न साठता मोरीकडे जातं. फळवाल्याकडून चार क्रेट आणले, तळाशी नारळाच्या शेंड्या घातल्या, वर माती आणि शेणखत. स्वयंपाकघरातल्या बरणीतलीच मेथी रात्रभर भिजवून पेरली. लाल माठ, आंबट चुका, पालक. कठड्याला मायाळू सोडला. मायाळूइतकं सोशिक झाड मी पाहिलेलं नाही. काडी खोचली तरी लागते, थोड्या सावलीतही वाढते. चवळीवर मावा पडला तेव्हा सासूबाईंनी सकाळच्या दवात राख भुरभुरली. दोनदा केलं, मग आवाक्यात आला.

घरची भाजी घर पोसते असं मी म्हणणार नाही. जागतिक आरोग्य संघटना माणशी दिवसाला निदान 400 ग्रॅम फळं-भाज्या खा म्हणते. आम्ही पाच जण. म्हणजे रोजचे दोन किलो. हे वाचल्यावर मी आठवडाभर वजनकाटा ओट्यावर ठेवला. निवडलेली मेथीची जुडी पाव किलोसुद्धा भरत नव्हती, आणि ती आम्ही पाच जण मिळून खात होतो. चार क्रेटमधून दोन किलो कधीच निघणार नाहीत. मंडई चुकत नाही. बदललं ते दुसरंच. पालेभाजीचं ताट सरकवणारी माझी लेक आता स्वतः पेरलेली मेथी खुडते आणि खुडताना तीन-चार पानं तशीच तोंडात टाकते. मायाळूची पिकली फळं चुरडून तिची बोटं जांभळी झालेली असतात. तशीच बोटं घेऊन पानावर बसू नये म्हणून साबणाने हात धुण्याची सवय लागली. आधी वर्षभर ओरडून ती लागली नव्हती.

एक सवय माझी मी मोडली. जेवण झालं की लगेच चहा. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या राज्यातल्या 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून अधिक बायकांना रक्तक्षय असल्याचं दिसलं. मीही त्यातलीच, हिमोग्लोबिन कायम काठावर. पालेभाजीतलं लोह अंगी लागायला आधीच अवघड. त्यावर चहा ओतला तर त्यातलं टॅनिन ते आणखी अडवतं. लिंबू पिळलं तर शोषण वाढतं. आता ताटात लिंबाची फोड असते आणि चहा चार वाजता. सगळ्यांनी पाळायचं ठरलं म्हणूनच ते पाळलं गेलं. एकटीने केलेलं पथ्य आमच्या घरात आठ दिवस टिकत नाही.

आमचा कोरडा दिवस शुक्रवार. संध्याकाळी सासरे पिंपं रिकामी करून घासतात, नवरा टाकीचं झाकण आणि फ्रिजचा ट्रे बघतो, गच्ची लेकीकडे. काल ती वरून वाकून शेजारच्या काकूंना हाका मारत होती. त्यांच्याकडे मायाळूची पानं द्यायला गेली आणि बराच वेळ आलीच नाही. आली तेव्हा पानांचं पातेलं रिकामं होतं, आणि काखेत काकूंच्या तुळशीखालची ताटली, घासायला आणलेली.