स्फोटानंतरचे शरीर
११ जुलै २००६ च्या संध्याकाळी पश्चिम रेल्वेच्या लोकलगाड्यांत अकरा मिनिटांत सात स्फोट झाले. दुसऱ्याच दिवशी मुंबई कामाला लागली आणि तिच्या 'स्पिरिट'चे नेहमीचे गोडवे गायले गेले. मज्जासंस्था असे वेळापत्रक पाळत नाही. मोठा आवाज होताच मेंदूतील अमिग्डाला विचाराच्या आधीच धोक्याची सूचना देतो. छाती धडधडते, श्वास आखडतो. अशा माणसाला 'विसरून जा' म्हणणे व्यर्थच. समुपदेशनाला श्वासाच्या, स्नायूंतील ताणाच्या जाणिवेची जोड द्यावी लागते. या शरीराधारित उपचारांचे पुरावे अद्याप तोकडे आहेत, हेही खरे. मात्र अंगावर ओरखडाही न उठलेला, पण पुन्हा लोकलमध्ये पाऊल ठेववत नाही असा प्रवासी जखमींच्या यादीत सहसा नसतोच.