शिपाई बुलबुल आणि सुशोभीकरण

नाशिक जिल्ह्यातील पक्ष्यांची चर्चा नांदूरमध्यमेश्वरपाशी सुरू होते आणि बहुधा तेथेच संपते. २०२० साली रामसर यादीत गेलेल्या त्या पाणथळीचे कौतुक रास्तच होय. परंतु झाडीत बारमाही राहणाऱ्या पाखरांची दखल त्यामुळे राहून जाते. शिपाई बुलबुल हे त्यांपैकीच एक.

डोक्यावर टोकदार काळा तुरा, डोळ्यामागे लाल ठिपका, पांढरा गाल आणि शेपटीच्या बुडाशी तांबडा रंग अशी या वीतभर पक्ष्याची ऐट असते. त्याचा भाऊबंद लालबुड्या बुलबुल कोरड्या माळरानातही निभावून नेतो. शिपायाला मात्र ओलसर, दाट झाडी हवी. इगतपुरी-त्र्यंबकच्या धुवांधार पावसापासून येवल्याच्या अवर्षणापर्यंत पसरलेल्या या जिल्ह्यात म्हणूनच त्याचा ओढा पश्चिमेकडे अधिक.

उंबर, करवंद यांची फळे खाऊन तो दूरवर बी टाकतो. पिलांना मात्र तो किडे-अळ्या भरवतो. रान वाढविणारा हा विनावेतन माळी घाणेरीचेही बी पसरवतो, हेही नमूद केले पाहिजे. मॉरिशसमध्ये माणसांनी नेऊन सोडल्यावर तो उपद्रवी ठरला. दोष पाखराचा नव्हे, त्याला अस्थानी नेणाऱ्यांचा.

त्याचे वाटीसारखे घरटे उंच वृक्षावर नव्हे, तर बहुधा हात पोहोचेल एवढ्या झुडपात असते. अंडी दोन-तीन, ती उबण्यास सुमारे बारा दिवस लागतात, आणि पिले उडण्यास जवळपास तितकेच. कावळा, भारद्वाज आणि सरडा यांची नजर चुकवायची, तर दाट काटेरी आडोसा हवाच.

२०२६-२७ च्या सिंहस्थासाठी तपोवनातील झाडे तोडण्याच्या प्रस्तावास २०२५ च्या अखेरीस नाशिककरांनी विरोध केला. त्या वादात वृक्षांची मोजदाद झाली, नव्या रोपांची आश्वासने मिळाली. झुडपांचा हिशेब मात्र फारसा कोणी मागितला नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने बुलबुलाला संरक्षण दिले आहे. पण ज्या जाळीवर त्याचा संसार उभा आहे ती तोडली, तर त्याला सुशोभीकरण म्हणतात! घर मोडून घरमालकाला अभय देण्यासारखेच हे आहे.

हजार रोपे रांगेत लावल्याने जंगल होत नाही. उद्याने, नदीकाठ आणि शाळांची आवारे येथे करवंदी-बोरीचा थोडा पट्टा राखावा, विणीच्या दिवसांत त्याला कोयता लागू नये. यास निधी लागत नाही. स्वच्छतेची कल्पना तेवढी बदलावी लागेल.