वांगं फळावरनं नाही, झाडावरनं ओळखा

वांग्याच्या प्लॉटात उभं राहूनच लिहितोय.

वाण कुठला विचारलं की आपण फळाचंच सांगतो. गोल, लांब, जांभळं, पट्ट्याचं. व्यापाऱ्याला तेवढं पुरतं, झाड काय त्याच्या गाळ्यावर जात नाही. घरचं बी धरणाऱ्याला मात्र ते पुरत नाही.

गेल्या वर्षी आमच्या गावरान हिरव्या काटेरी वांग्यात तूट भरायला बाहेरून ५० रोपं आणली. महिन्याभरात त्यातली काही वेगळी दिसायला लागली. खोडाला जांभळी झाक, पान रुंद, काटा जवळपास नाहीच. म्हटलं फळ लागू दे, मग बघून उपटू. फळ दिसेपर्यंत फुलं उमलून मधमाश्या फिरून गेलेल्या. वांग्यात बरंचसं स्वपरागीभवन होतं खरं, पण माशी थोडी भेसळ करतेच. बी मी चांगल्या झाडांचंच धरलं, तरी यंदा प्लॉटात जांभळ्या झाकेची झाडं निघालीत. वीस वर्षं जपलेलं बी, माझ्याच आळसानं बिघडलं.

म्हणून म्हणतो, फुलं उमलायच्या आधी झाड बघा. गादीवाफ्यावर रोपाच्या दांडीचा रंग हिरवा का जांभळा. पुढं झाड उभं जातं का पसरतं, पानाच्या शिरेवर काटा आहे का, कळ्या एकट्या का झुबक्यात. मांजरी गोटा, वैशाली, प्रगती तिन्ही काटेरी, म्हणजे नुसत्या काट्यावर भागत नाही. पण वैशाली बुटकी, पसरट आणि झुबक्यात फुलते, प्रगती उंच उभी जाते. तिथं फरक कळतो.

सावलीतल्या रोपाचा जांभळा रंग फिका पडतो, हे ध्यानात ठेवा. एका वयाची, एकाच वाफ्यातली दहा-वीस झाडं बघितल्याशिवाय निकाल देऊ नका.

कृषीवाल्या मंडळींनाही एक विचारायचंय. २००१ च्या वाण संरक्षण कायद्यात शेतकऱ्याच्या वाणाचीही नोंदणी होते, आणि तिथं वेगळेपण झाड, पान, फूल, फळ सगळ्यावरनं तपासतात. मग बियाण्याच्या पुडीवर नुसता फळाचाच फोटो का? मागं झाडाच्या चार ओळी छापायला काय जातंय?

आत्तापर्यंत २१ झाडांना सुतळी बांधलीय, उद्या सकाळी उपटणार. कुणाकडं कृष्णाकाठचं जुनं हिरवं वांगं असेल तर रोपाच्या दांडीचा आणि पानाचा फोटो टाका. फळाचा नको.