हार नको, किक मारा!

वाडवडिलांची वस्तू वाट्याला आली की मराठी माणसाला दोनच गोष्टी सुचतात. एक तर तिची पूजा करायची, नाही तर ती विकून टाकायची. तिसरीही एक गोष्ट असते, ती म्हणजे वस्तू वापरायची. पण तिच्यासाठी हात काळे करावे लागतात, आणि आपल्या पांढरपेशा घरांत हे अजूनही कमीपणाचे मानतात. हा लेख त्या तिसऱ्या गोष्टीची वकिली करण्यासाठी लिहिला आहे. सणासुदीला ज्यांना वाद नको असेल त्यांनी खुशाल पान उलटून पाककृतींकडे वळावे. आमचा राग नाही.

निमित्त एका फटफटीचे आहे. आमच्या मुकुंदवाडीत एका ओळखीच्या घरी पत्र्याच्या पडवीत, ज्वारीच्या पोत्यांआड, बी. एस. ए. कंपनीची एम-२० उभी आहे. आजोबांनी ती लष्कराच्या डिस्पोजलमधून आणली होती. एक सिलिंडर, ४९६ सी. सी., ताकद जेमतेम १३ घोड्यांची. पण दुसऱ्या महायुद्धात या जातीच्या सव्वा लाखांहून अधिक गाड्या लष्करासाठी तयार झाल्या, त्या काही उगाच नव्हेत. आजोबा गेले, गाडी थांबली. आता दर दसऱ्याला तिला झेंडूचा हार पडतो, टाकीवर हळदकुंकू वाहिले जाते, आणि पोती पुन्हा जागच्या जागी येतात. घरातली नात म्हणते, "आजोबांची गाडी मी चालू करते." वडीलधारी मंडळी म्हणतात, "तुला काय करायचंय? असू दे तिथं, देवासारखी!"

देवासारखी, म्हणे! अहो, देवालासुद्धा आपण रोज उठवतो, न्हाऊ घालतो. या बिचारीच्या नशिबी मात्र वर्षातून एक हार आणि बाकी सारा गंज!

आता विरोधकांचे आक्षेप एकेक करून पाहू. पहिले आहेत व्यवहारी गृहस्थ. ते विचारतात, "एवढ्या पैशात नवी गाडी येईल, मग हा खटाटोप कशाला?" नवी गाडी जरूर घ्यावी, रोज कामावर जायला तीच बरी. पण नव्या गाडीत काही बिघडले की कारागीर बंद डबा काढतो आणि दुसरा बंद डबा बसवतो. जुन्या इंजिनात प्रत्येक भाग उघडतो, दिसतो, घासता येतो आणि लेथवर नवा करता येतो. घरातल्या मुलांना यंत्र म्हणजे काय हे शिकवायचे असेल, तर पडवीतली ही शाळा फुकट मिळालेली आहे.

दुसरे आहेत देशाभिमानी. "इंग्रजांची खूण कशाला मिरवता?" असा त्यांचा सवाल. यांना थोडा इतिहास सांगणे भाग आहे. रॉयल एनफिल्डची बुलेट १९५५ पासून मद्रासला तयार होऊ लागली आणि तिचा विलायती कारखाना १९७० साली बंद पडला. मद्रासचा चालू राहिला. बी. एस. ए. चा बर्मिंगहॅममधला स्मॉल हीथचा कारखानाही पुढे आटोपला. ते नाव आज महिंद्रा समूहातल्या कंपनीकडे आहे. नॉर्टन २०२० साली टी. व्ही. एस. ने विकत घेतली. ट्रायम्फच्या लहान गाड्या बजाज आपल्या चाकणला बनवते. ज्यांची खूण म्हणून तुम्ही नाक मुरडता, त्यांचा वारसा त्यांच्याच घरी टिकला नाही, आपण टिकवला. मग तो पोत्यांआड कुजवण्यात कसला आला देशाभिमान?

तिसरे शौकीन. यांना गाडी दिवाणखान्यात हवी, निकेल चढवलेली, आरशासारखी. इंजिनात तेल नसले तरी चालेल! यांच्यासाठी आमच्याजवळ उत्तर नाही; फक्त सहानुभूती आहे.

चौथा आक्षेप खरा वजनदार आहे: "जमणार कसे?" तर ऐका. जाम झालेल्या इंजिनावर उड्या मारू नयेत. प्लग काढून त्या भोकातून थोडे डिझेल किंवा रॉकेल सोडावे, चार-आठ दिवस मुरू द्यावे, मग मागचे चाक गिअरमध्ये हलकेच मागेपुढे हलवावे. या गाडीचे तेल वेगळ्या टाकीत असते. वर्षानुवर्षे उभ्या गाडीत ते पंपातून झिरपत खालच्या पेटीत जमते, म्हणून चालू करण्याआधी ते काढलेच पाहिजे. मॅग्नेटो स्वतःच ठिणगी पाडतो, बॅटरी लागत नाही. पण त्याचे वेटोळे आणि कंडेन्सर जुने झाले की गाडी थंड असताना सुरू होते आणि तापली की मरते. अशा वेळी कार्ब्युरेटरला शिव्या घालू नयेत, मॅग्नेटो नव्याने गुंडाळून घ्यावा. नटांना व्हिटवर्थच्या मापाचे पानेच लावावेत. मिलिमीटरचा पाना लावाल तर नटाचे कोपरे गोल होतील आणि पुढच्या पिढीचे शाप लागतील. आणि किक मारण्यापूर्वी हॅन्डलवरची ठिणगीची दांडी मागे घ्यावी, नाही तर इंजिन उलटा तडाखा देते आणि घोट्याचे हाड मोडते.

यातले कोणते काम आमच्या गावी होण्याजोगे नाही? मुकुंदवाडीच्या शेजारी चिकलठाण्याची औद्योगिक वसाहत आहे. बजाजचा कारखाना १९८५ साली वाळूजला आला. तेव्हापासून या शहराच्या हातांनी किती दुचाक्या जोडल्या याची गणती नाही. बुश कापणारे, व्हॉल्व्ह घासणारे, नुसत्या आवाजावरून टॅपेट ओळखणारे म्हातारे मिस्त्री गल्लीबोळांत अजून आहेत. पण त्यांच्याकडे ही कामे येईनाशी झाली आहेत, आणि काम नसले की विद्या शिष्याविना जाते. गंज लागतो आहे तो एकट्या फटफटीला नव्हे.

आता सरकारकडे वळू. २०२१ च्या जुलैत केंद्राने पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात राखलेल्या गाड्यांसाठी नियम केले. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत दहा वर्षे, नंबरात 'व्ही. ए.' ही अक्षरे. आधी नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवण्याची मुभा. येथवर आम्ही सरकारचे आभार मानतो. पण पुढे नियम म्हणतो की अशी गाडी रस्त्यावर आणायची ती प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणे आणि दुरुस्ती यांपुरतीच. म्हणजे पुन्हा हारच घातला की! धूर होतो, ब्रेक जुने आहेत, जालना रोडच्या गर्दीत ही गाडी धोक्याची आहे, हे सारे आम्हांला मान्य. मग वर्षाकाठी किलोमीटरची मर्यादा घाला, ब्रेकची तपासणी सक्तीची करा, गर्दीच्या वेळा वगळा. इंग्लंडात चाळीस वर्षांवरील, फारसा बदल न केलेल्या गाड्यांना २०१८ पासून वार्षिक तपासणीचीही सूट आहे, आणि त्या रस्त्यावर फिरतात. आपल्या माणसाने रविवारी पहाटे आजोबांच्या गाडीवरून दौलताबादेपर्यंत जाऊन आले, तर आकाश कोसळेल काय?

शेवटचा मुद्दा घरातल्यांशी. त्या पडवीतली गाडी कोणाची, यावर तिथल्या तिघा भावांत अबोला आहे. त्यांतल्या एकालाही पाना धरता येत नाही. जिला येतो, तिला कोणी विचारत नाही, कारण ती उद्या परक्या घरी जाणार! महाराष्ट्राने १९९४ साली आणि साऱ्या देशाने २००५ साली मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत बरोबरीचा हक्क दिला. जमिनीचा हिस्सा कागदावर देतो आणि फटफटीला हात लावू देत नाही, हा कुठला न्याय? आमचे साधे म्हणणे आहे की जो ती चालू करील, किंवा जी ती चालू करील, तिचीच ती.

तेव्हा वाचकहो, फराळ झाला की पडवीतली पोती हलवा. मिस्त्रीबुवांना चहाला बोलवा आणि घरच्या पोरींना त्यांच्या शेजारी बसवा. आणि त्या तिघा भावांना आमची एक सूचना: यंदा भाऊबीजेला ओवाळणीचा विचार करताना लेकीकडेही पाहा. तिच्या हाती व्हिटवर्थच्या पान्यांचा एक संच द्या, आणि पडवीची किल्लीही.